मालिका मुद्रित करायच्या, पण कोणत्या फॉरमॅटमध्ये?

दूरचित्रवाणीवरील एखादा कार्यक्रम घरच्या घरी मुद्रित करून ठेवायचा, तर तो कोणत्या फॉरमॅटमध्ये, हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत दर दहा-बारा वर्षांनी नव्याने पुढे आला. दर वेळी दुकानदाराने चित्राच्या स्पष्टतेचे गुण गायले आणि दर वेळी निकाल दुसऱ्याच गोष्टींवर लागला. एका कॅसेटमध्ये किती वेळाचे मुद्रण मावते, ती शेजाऱ्याच्या यंत्रात चालते का आणि पंचवीस वर्षांनी ती चालविणारे यंत्र कोठे मिळेल, या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी तिसरी गोष्ट खरेदीच्या दिवशी कोणाच्याच मनात येत नाही. माळ्यावर आणि दिवाणाखाली पडून असलेल्या कॅसेट पाहिल्या की, खरा प्रश्न तोच होता, असे म्हणावे लागते.

घरगुती मुद्रणाला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ब्रिटनच्या बीबीसीकडे आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत व्यावसायिक चित्रफिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरणे ही नित्याची बाब होती. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यात नाहीसे झाले. काही भागांच्या रंगीत फिती पुसल्या गेल्या आणि मागे उरल्या त्या केवळ परदेशी विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्मच्या प्रती. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत ही मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा तेथील एका प्रेक्षकाने ती घरातील बेटामॅक्स यंत्रावर उतरवून घेतली होती. १९९२-९३ च्या सुमारास बीबीसीने या घरगुती कॅसेटमधील रंग घेतले, कृष्णधवल फिल्ममधील रेखीव चित्राशी त्यांचा मेळ घातला आणि ते भाग पुन्हा रंगीत केले. जे संस्थेने सांभाळले नाही, ते एका दिवाणखान्यात टिकले. तेही अशा फॉरमॅटमध्ये, जो बाजारात हरला होता.

एक तास, दोन तास, चार तास

घरगुती वापरासाठी कॅसेटवर चालणारे, अंगभूत ट्यूनर आणि घड्याळ असलेले यंत्र फिलिप्स कंपनीने युरोपात १९७२ मध्ये आणले. त्याची कॅसेट तासाभराची होती. सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये जपानमध्ये आले, तेही तासाभराचेच. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस बाजारात आणले आणि त्यात दोन तास मावत होते. तासाभराच्या कॅसेटमध्ये चित्रपट मावत नाही, दोन तासांच्या कॅसेटमध्ये बहुतेक हॉलीवूडपट मावतात, एवढ्या साध्या हिशेबाने पुढील दशकाचा कल ठरू लागला. अमेरिकेतील आरसीए कंपनीला फुटबॉलचा संपूर्ण सामना एका कॅसेटमध्ये हवा होता. तेव्हा फितीचा वेग निम्मा करून १९७७ मध्ये चार तासांचे व्हीएचएस यंत्र तेथे विक्रीला आले.

सोनीनेही वेग कमी करून दोन तास साधले. मात्र वेग कमी होताच बेटाच्या चित्रातील जी थोडी सरस स्पष्टता होती, ती जवळजवळ संपली. ‘बेटा उत्तम होता, पण दुर्दैवी ठरला’ ही दंतकथा आजही ऐकू येते. ती पहिल्या, तासाभराच्या वेगापुरती खरी आहे. त्या वेगाने घरी मुद्रण करणारे पुढे फारसे कोणी उरले नव्हते. १९८८ मध्ये खुद्द सोनीने व्हीएचएस यंत्रे बनविण्यास सुरुवात केली आणि वाद मिटला.

याच काळात दुसरा एक वाद न्यायालयात चालू होता. घरी बसून कार्यक्रम मुद्रित करणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असे म्हणत युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने कौल दिला. नंतर पाहता यावे म्हणून कार्यक्रम उतरवून घेणे हा वाजवी वापर होय, असे त्या निकालाने ठरले. एक मत फिरले असते, तर ही यंत्रे आपल्याकडे ज्या विपुलतेने आली, तशी आली असती का, ही शंकाच आहे.

आपल्याकडचे गणित निराळे

भारतात ही यंत्रे मोठ्या संख्येने आली ती १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास, रंगीत दूरचित्रवाणीच्या पाठोपाठ. आखाती देशांत नोकरीस असलेले नातलग सुटीवर येताना व्हीसीआर घेऊन येत. ज्यांना ते परवडत नसे, ते रंगीत संच, यंत्र आणि तीन चित्रपट असा संच एका रात्रीपुरता भाड्याने आणीत आणि गल्लीतील सर्वांना बोलावीत.

अमेरिकेतील वेळेचा हिशेब येथे लागू नव्हता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्याकडील प्रक्षेपण ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे ६२५ रेषांचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे होते. अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धत ५२५ रेषांची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. पाल यंत्रांत फितीचा वेग मुळातच कमी असल्याने व्हीएचएसची नेहमीची ई-१८० कॅसेट तीन तास चालत असे, तर बेटाची एल-७५० कॅसेट सव्वातीन तास. म्हणजे आपल्याकडे बेटा वेळेवरून हरण्याचे काहीच कारण नव्हते. येथे निकाल लावला तो व्हिडिओ लायब्रऱ्यांनी. कोपऱ्यावरच्या लायब्ररीत जे मिळते, तेच यंत्र घरी हवे. एकदा का लायब्रऱ्यांची फळी व्हीएचएसने भरली, की बेटा घेणाऱ्याला मुद्रण करता येई, पण देवाणघेवाण कोणाशी करता येत नसे.

पद्धतींतील या फरकाचा फटका परदेशी नातलग असलेल्या घरांना विशेष बसला. न्यू जर्सीहून आलेली बारशाची कॅसेट पुण्यातील यंत्रात घातली, की पडद्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्या गुंडाळत जात. येथील लग्नाची कॅसेट तिकडे पाठविली, तर तीच गत. अनेकांनी अशा कॅसेट खराब समजून टाकून दिल्या. प्रत्यक्षात त्या धडधाकट होत्या. केवळ बहुपद्धती यंत्राची आवश्यकता होती. कोऱ्या फितीत तर काहीच फरक नसतो. तिकडची दोन तासांची टी-१२० कॅसेट येथील यंत्रात पावणेतीन तासांच्या आसपास चाले. ‘दोन तासांचीच दिसते’ म्हणून ती बाजूला ठेवणारेही होतेच.

लाँग प्लेचा मोह

फॉरमॅट ठरला तरी वेगाचा प्रश्न उरे. व्हीसीआरवर ‘एसपी’ आणि ‘एलपी’ असे बटण असे. एलपीवर वेग निम्मा होऊन तीन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास मावत. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चे उदाहरण घ्या. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी ही मालिका दाखविली गेली आणि तिचे ७८ भाग झाले. जाहिराती गाळून सुमारे ३५ मिनिटांचा भाग धरला, तर एका कॅसेटमध्ये एसपीवर पाच भाग बसतात. म्हणजे संपूर्ण मालिकेला सोळा कॅसेट. एलपीवर आठच. कोऱ्या कॅसेटचा खर्च निम्म्यावर येत असताना एलपीचा मोह कोणाला होणार नाही?

त्याची किंमत प्रामुख्याने आवाजाने मोजली. चित्र नोंदविणारी डोकी वेगाने फिरणाऱ्या ड्रमवर असतात, त्यामुळे फीत हळू सरकली तरी चित्र बऱ्यापैकी उमटते. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज मात्र फितीच्या कडेला, स्थिर डोक्याने नोंदविला जातो आणि तेथे फितीचा वेग हेच सर्वस्व. गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालते. पाल व्हीएचएसचा एसपी वेग २.३४ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. आणि एलपीवर तर त्याचाही निम्मा. नाट्यसंगीताची मैफल एलपीवर मुद्रित करणाऱ्यांना तंबोरा ऐकू येत नाही, याचे कारण हे आहे. शिवाय एलपीवर दोन चित्रांच्या वाटा इतक्या लगटून पडतात की, दुसऱ्या यंत्रात घातल्यावर चित्रात खरखरीच्या रेघा येतात.

तरीही एलपीवाल्यांना सरसकट दोष देता येत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स या एके काळच्या ग्रंथपाल महिलेने १९७९ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. एकाच वेळी अनेक यंत्रे चालू असत आणि दर सहा तासांनी कॅसेट बदलण्याच्या वेळा सांभाळून घरातील सारे व्यवहार चालत. त्यांच्यामागे सुमारे ७० हजार बेटा आणि व्हीएचएस कॅसेट उरल्या आणि त्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेकडे गेल्या. त्यांनी स्पष्टतेचा हट्ट धरला असता, तर यातील निम्मेदेखील हाती लागले नसते. बातमीसाठी लांब वेग चालतो, गाण्यासाठी चालत नाही, इतकाच विवेक पुरेसा आहे.

आपल्याकडे आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे भारनियमन. टायमर लावून घराबाहेर पडावे, मध्ये वीज जावी आणि परत येऊन पाहावे तो घड्याळात शून्ये लुकलुकत असावीत, हा अनुभव घरोघरीचा. म्हणून कोणीतरी यंत्रापाशी बसत असे. जाहिरात लागताच पॉज दाबायचे कामही त्याच्याकडेच. आज गंमत अशी की, ‘रामायण’ २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखविले आणि त्याच्या चांगल्या प्रती सहज मिळतात. मात्र त्या वेळच्या जाहिराती, निवेदिकांची निवेदने आणि ‘व्यत्यय’ची पाटी शोधून सापडत नाही.

तबकडीने काय केले

२००० च्या आसपास तबकड्या आल्या आणि फितीचा जमाना संपला, असे सर्वांनाच वाटले. प्रथम व्हीसीडी आली. तिच्यातील चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे पाल चित्राच्या चौथ्या हिश्शाचे. त्यात प्रत्येक चित्रातील दोन अर्ध्यांपैकी एक अर्धा गाळला जातो, त्यामुळे हालचालही तुटक दिसते. जुन्या व्हीएचएसपेक्षा हे पुढचे पाऊल नव्हे, मागचे होते. तरीही कॅसेटची व्हीसीडी करून देणारी दुकाने गल्लोगल्ली उघडली आणि लोकांनी मूळ कॅसेट फेकून दिल्या.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही हेच घडले. आजोबा दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ कार्यक्रमात एकदा बोलले होते. त्याची कॅसेट २००३ मध्ये एका दुकानात व्हीसीडी करण्यास दिली आणि ‘आता ही ठेवून काय करणार’ या दुकानदाराच्या सल्ल्यावरून तेथेच सोडली. ती तबकडी आज आजोबा खुर्चीत बसून घसा साफ करतात, तेथवर चालते आणि थांबते.

डीव्हीडी रेकॉर्डरचे चित्र खरोखर चांगले होते. ४.७ गिगाबाइटच्या तबकडीत नेहमीच्या दर्जाचे दोन तास मावत. मात्र खरेदीदाराला वजा-आर, अधिक-आर, आरडब्ल्यू आणि रॅम अशा भाऊबंदकीत सोडून दिले गेले. मुद्रणानंतर तबकडी ‘फायनलाइज’ न केल्यास ती बहुधा दुसऱ्या यंत्रात चालत नसे, हे अनेकांना यंत्र बिघडल्यावर कळले. घरी लिहिता येणाऱ्या बहुतेक तबकड्यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन व उष्णतेने तो उतरतो. स्वस्तातल्या तबकड्या काही वर्षांतच वाचेनाशा झाल्या, तर त्याच कपाटातील १९८७ च्या फिती चालू आहेत. पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढत झाली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. जिंकलेल्या ब्लू-रेच्या लिहिता येणाऱ्या तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. जिंकणे म्हणजे किती काळ, याचे हे माप.

डिजिटल सेटटॉप बॉक्सने तर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. २००८ मध्ये टाटा स्कायने मुद्रणाची सोय असलेला बॉक्स आणला. मालिका आपोआप मुद्रित होई, थेट कार्यक्रम थांबविता येई. पण केलेले मुद्रण त्या बॉक्सबाहेर काढता येत नसे. पेन ड्राइव्हवर मुद्रण करणारे जे बॉक्स नंतर आले, त्यांतही फाइल बहुधा कुलूपबंद असते आणि त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बदलला की संग्रह गेला. २०१२-१३ मध्ये मुंबई आणि पाठोपाठ पुणे-नागपूर अशा शहरांत केबल डिजिटल झाली, तेव्हा जुन्या व्हीसीआरमधील ट्यूनरही निरुपयोगी झाला.

आता काय करावे

यापुढे मुद्रण करायचे असेल, तर कुलूपबंद बॉक्सवर विसंबू नये. ज्या सेटटॉप बॉक्सला पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिनांची एव्ही जोडणी आहे, त्यावरून संगणकाला जोडता येणाऱ्या छोट्या कॅप्चर उपकरणाद्वारे चित्र घेता येते. ते एच.२६४ पद्धतीने एमपी४ फाइलमध्ये साठवावे. ही पद्धत २००३ पासून रूढ आहे आणि फोनपासून संगणकापर्यंत सर्वत्र चालते. दर्जा थोडा कमी मिळेल, पण फाइल आपली राहील. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी वापरासाठीच्या वाजवी व्यवहाराची सवलत चित्रपट-मालिकांनाही मिळाली आहे. ती विकण्याची किंवा जाहीरपणे प्रसारित करण्याची मुभा मात्र त्यात नाही.

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी अधिक घाई करावयास हवी. बेटा कॅसेटचे उत्पादन मार्च २०१६ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीएचएस यंत्रे बनविणे बंद केले. म्हणून प्रथम बेटा आणि कॅमेऱ्यातील छोट्या आठ मिलिमीटर कॅसेट उतरवून घ्याव्यात, कारण त्यांची यंत्रे अधिक दुर्मीळ आहेत, व्हीएचएस त्यानंतर. बाजारात मिळणारे चित्रपट आणि गाजलेल्या मालिका शेवटी ठेवल्या तरी चालेल. स्थानिक कार्यक्रम, मुलाखती, शालेय स्पर्धा यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फितीकडे पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणाने फितीच्या कडेवर पांढरट बुरशी धरते. अशी कॅसेट चालविल्यास बुरशी यंत्राच्या डोक्यांना लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत जाते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. बुरशी नसेल, तर प्रथम कण्यावरील प्लास्टिकची छोटी पट्टी तोडावी, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी.

उतरविताना मूळ ७२० बाय ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ चित्रे कायम ठेवावीत. चित्र मोठे करून देण्याचा आग्रह दुकानदार धरील. तो नाकारावा आणि कॅसेट परत मागून घ्यावी. डीव्ही पद्धतीने तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. तीन तासांच्या शंभर कॅसेटना चार टेराबाइटची हार्ड डिस्क जेमतेम पुरेल. अशा दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात. वेळेत काटकसर नाही. शंभर कॅसेट म्हणजे तीनशे तास, रोज दोन तास बसले तरी पाच महिने.

कॅसेटवरील लेबलावरही फार विश्वास ठेवू नये. एकच कॅसेट चार-पाच वेळा वापरण्याची आपल्याकडे रीत होती आणि नवे मुद्रण जेथे संपते, तेथून पुढे जुने तसेच राहिलेले असते. म्हणून ‘क्रिकेट’ असे लिहिलेली कॅसेटही सामना संपल्यावर बंद न करता, फीत पूर्ण उलगडेपर्यंत चालू ठेवावी.